खेळ, अंगण आणि अंगणवाडी : कोसबाडच्या बालशिक्षण परंपरेची चिकित्सा

प्रस्तावना

‘खेळातून शिक्षण’ हा शब्दप्रयोग आज महाराष्ट्रात सर्वमान्य झालेला आहे. शासनाच्या परिपत्रकांत तो आढळतो, अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात तो उच्चारला जातो आणि खासगी नर्सरीच्या रंगीत माहितीपत्रकांवरही तो ठळकपणे छापलेला असतो. परस्परविरोधी हेतू असणाऱ्या संस्था जेव्हा एकच शब्द तितक्याच उत्साहाने वापरू लागतात, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ पातळ झाला असण्याची शक्यता बळावते. त्यामुळे या शब्दाची चिकित्सा होणे आवश्यक ठरते.

अशा चिकित्सेसाठी महाराष्ट्राला बाहेरचा निकष शोधण्याची गरज नाही. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी बोर्डी व कोसबाड येथे केलेला बालशिक्षणाचा प्रयोग हा या विषयातील मराठी समाजाचा स्वतःचा अनुभव आहे. या दोघींचा गौरव पुष्कळ झाला. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला. त्यांच्या विचारांची चिकित्सा मात्र त्या मानाने कमी झाली. प्रस्तुत लेखात या प्रयोगाचे मर्म, त्याच्या मर्यादा आणि पनवेलसारख्या झपाट्याने बदलणाऱ्या परिसरात त्याची आजची प्रस्तुतता या तीन अंगांनी विचार केला आहे.

‘खेळ’ म्हणजे नेमके काय?

‘खेळातून शिक्षण’ या शब्दरचनेत एक संदिग्धता आहे. तिचा एक अर्थ असा की शिक्षण हे साध्य असून खेळ हे त्याचे साधन आहे. मुळाक्षरे आणि अंक हे कडू औषध आणि खेळ म्हणजे ते गिळवण्यासाठी दिलेला गुळाचा खडा. या अर्थाने पाहता अक्षरांचे ठोकळे, अंकांची गाणी, रंग भरण्याच्या वह्या हे सारे ‘खेळ’ ठरते. दुसरा अर्थ असा की खेळ हेच त्या वयातील शिकणे होय. येथे काय खेळायचे, कोणाबरोबर खेळायचे, नियम कोणता आणि खेळ केव्हा मोडायचा, हे मूल ठरवते. पहिल्या अर्थात निर्णय मोठ्यांचा असतो, तर दुसऱ्यात मुलाचा. हा भेद वरवर सूक्ष्म वाटला तरी बालशिक्षणाची सारी गुणवत्ता त्यावर अवलंबून आहे.

भातुकलीचे उदाहरण घेता येईल. तीन-चार वर्षांची मुलगी वडाचे पान उलथते आणि ‘ही पोळी’ असे म्हणते. पान हे पोळी नाही हे तिला पक्के ठाऊक असते, ती ते खात नाही. तरीही खेळ संपेपर्यंत ते पान पोळीच राहते आणि समोर बसलेल्या ‘पाहुण्या’लाही ते मान्य करावे लागते. म्हणजे एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या जागी उभी राहू शकते आणि तिचा अर्थ परस्परसंमतीने ठरतो, हे ती मुलगी आत्मसात करीत असते. अक्षर तरी याहून वेगळे काय आहे? कागदावरची एक वळणदार रेघ एका ध्वनीच्या जागी उभी राहते, एवढेच. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३० च्या दशकात खेळाची मीमांसा करताना प्रतीकनिर्मितीच्या याच क्षमतेवर भर दिला होता. काठीचा घोडा करणारे मूल घोड्याचा अर्थ प्रत्यक्ष घोड्यापासून सुटा करते आणि त्या खेळाचा नियमही स्वखुशीने पाळते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

सागरगोट्यांच्या खेळातही हेच दिसते. एक गोटा वर उडवून खालचे दोन उचलायचे, पुढच्या फेरीत तीन उचलायचे, ही संख्येची, वेळेच्या अंदाजाची आणि आपली पाळी येईपर्यंत थांबण्याची तालीम असते. सारांश, खेळ आणि अक्षरअंकांचे शिक्षण यांत विरोध नाही. खेळ हा साक्षरतेचा पाया आहे. पाया भरण्याआधी भिंत उभारण्याची घाई केली तर भिंत लवकर दिसते, पण ती टिकत नाही.

बोर्डी ते कोसबाड : प्रयोगाची जडणघडण

आधुनिक बालशिक्षणाचे दोन प्रमुख प्रवाह युरोपातून आले. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी १८३७ पासून खेळावर आधारित किंडरगार्टनचा पाया घातला, तर डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह सुरू केले. माँटेसरींनी मुलाच्या स्वातंत्र्याला शास्त्रीय अधिष्ठान दिले. तथापि, त्यांच्या पद्धतीत ठरावीक साधनांना मोठे महत्त्व होते आणि परीकथा व काल्पनिक खेळ यांविषयी त्या साशंक होत्या, हेही नोंदवले पाहिजे.

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. माँटेसरींचे स्वातंत्र्य त्यांनी स्वीकारले, परंतु गोष्ट, गाणे आणि नाट्य यांना बालशिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. हा भारतीय मातीने केलेला पहिला बदल होय. १९२३ मध्ये ताराबाई मोडक भावनगरला त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९३६ मध्ये ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार सुरू केला. दादरची संस्था नावारूपाला आली, पण तिचा लाभ मुख्यतः शहरी मध्यमवर्गाला मिळत होता. गरिबांच्या मुलांपर्यंत ही पद्धती कशी न्यावी, हा प्रश्न तेथे अनुत्तरितच राहिला.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ताराबाईंनी डिसेंबर १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र स्थापन केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. ज्या परिसरात हे काम सुरू झाले तेथे त्याच वर्षी वेठबिगारीविरुद्ध वारली आदिवासींचा उठाव सुरू झालेला होता. म्हणजे ज्यांच्या मुलांना खेळायला बोलवायचे होते ते आईबाप स्वतःच्या श्रमाचे मालकही नव्हते. ही पार्श्वभूमी दृष्टीआड केल्यास प्रयोगाचे मोल नीट कळत नाही. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. अनुताईंच्या आत्मकथनाला ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे नाव लाभले ते याच टेकडीमुळे.

प्रयोगाचे मर्म : जागा, वेळ आणि साहित्य

कोसबाडच्या प्रयोगाचे वेगळेपण तीन निर्णयांत सामावलेले आहे.

पहिला निर्णय जागेचा. बालवाडी उघडली तरी दलित व आदिवासी वस्त्यांतील मुले तिच्याकडे फिरकत नव्हती. मुले येत नाहीत म्हणून पालकांना दोष देण्याऐवजी बालवाडीच वस्तीत, घरासमोरच्या अंगणात नेण्यात आली. मध्यवर्ती बालवाडी आणि अंगण-बालवाडी असे दोन प्रकार त्यातून निर्माण झाले. आज देशभर रूढ असलेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दाचे मूळ येथे आहे. अंगण ही मुलाची स्वतःची जागा असते. तेथे शिक्षिका पाहुणी असते आणि मूल यजमान. या एका बदलाने शिक्षणातील सत्तासंबंधच पालटला.

दुसरा निर्णय वेळेचा. गरीब घरातील मूल लहान वयातच कामाला जुंपले जाते. ते गुरे राखते, धाकट्या भावंडाला सांभाळते. शाळेच्या वेळेत त्याला येता येत नसेल तर शाळेनेच त्याची वेळ पाळावी, या विचारातून गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार, या अडचणीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणाऱ्या ‘विकासवाडी’चा तोडगा काढण्यात आला. तान्हे मूल पाळणाघरात राहिले तरच त्याची थोरली बहीण वर्गात बसू शकते, हे साधे पण निर्णायक गणित त्यामागे होते.

तिसरा निर्णय साहित्याचा. महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे, माती असे परिसरातील साहित्य आले. याकडे केवळ काटकसर म्हणून पाहणे अपुरे ठरेल. विकतचे साधन बहुधा एकाच पद्धतीने वापरता येते, ते बिघडेल म्हणून कपाटातही ठेवले जाते. चिंचोक्यांचे तसे नसते. ते मोजता येतात, मांडता येतात, त्यांचा सारीपाट खेळता येतो आणि भातुकलीत त्यांची डाळही होते. साहित्य जितके अनिश्चित तितका मुलाच्या कल्पनेला वाव अधिक. शिवाय ते मुलाच्या ओळखीचे असल्याने शाळेच्या दारात त्याला परकेपणा वाटत नाही.

या तिन्ही निर्णयांमागील सूत्र एकच आहे : मुलाने संस्थेला जुळवून घ्यावे असा आग्रह न धरता संस्थेने मुलाला जुळवून घेणे. ‘खेळ’ हा या सूत्राचा स्वाभाविक परिणाम होता. ते सूत्र वगळून केवळ खेळ उचलला तर हाती फक्त करमणूक उरते.

प्रयोगाच्या मर्यादा

गौरवाच्या भरात काही प्रश्न विचारायचे राहून जातात. पहिला प्रश्न संस्कारांच्या दृष्टीचा. त्या काळच्या बालवाडीत आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे यांना मोठे स्थान होते. रोगराई पाहता त्याची गरज नाकारता येत नाही. तथापि, गरीब मूल म्हणजे आधी स्वच्छ करण्याची आणि मग शिकवण्याची वस्तू, असा सूर त्यातून नकळत उमटण्याचा धोका होता. आदिवासी घरात काम आणि खेळ यांची सरमिसळ असते. खेकडे पकडणारे, मोहाची फुले वेचणारे मूल एकाच वेळी काम करीत असते, खेळत असते आणि शिकत असते. हे ज्ञान बालवाडीने किती प्रमाणात आपले मानले, याचा शोध अद्याप पुरेसा घेतला गेलेला नाही.

दुसरा प्रश्न भाषेचा. वारली मुलाची घरची बोली आणि शाळेची प्रमाण मराठी यांत अंतर आहे. घरच्या बोलीचा उपयोग प्रमाणभाषेकडे जाणारा पूल म्हणून करावा, की ती बोली स्वतःच शिक्षणाचे दालन मानावी, हा प्रश्न कोसबाडच्या काळात पूर्णपणे सुटला असे म्हणता येत नाही. तो आजही सुटलेला नाही.

तिसरी मर्यादा सर्वाधिक दूरगामी आहे. ती प्रयोगाच्या दोषातून आलेली नसून गुणातून आली आहे. हे कार्य उभे राहिले ते त्यागावर. ताराबाई आणि अनुताई यांनी स्वतःसाठी फारसे काही मागितले नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा ‘अंगणवाडी’ हे नाव स्वीकारले गेले आणि त्यासोबत सेवाभावाचा तो आदर्शही उचलला गेला. सेविकेला कर्मचारी न मानता ‘मानसेवी’ ठरवण्यात आले आणि वेतनाऐवजी मानधन देण्यात आले. दोन व्यक्तींनी स्वेच्छेने केलेला त्याग लाखो स्त्रियांवर सक्तीची अट म्हणून लादला गेला, असेच याचे वर्णन करावे लागेल. अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास पात्र आहेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये द्यावा लागला. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला सेविकांचा संप जानेवारी २०२४ पर्यंत लांबला. खेळाची गुणवत्ता आणि सेविकेचे मानधन हे दोन स्वतंत्र विषय मानण्याची सवय अभ्यासकांनी सोडली पाहिजे. मुलाला निवांतपणे न्याहाळायचे तर न्याहाळणाऱ्या बाईलाही थोडी निवांतता लागते.

धोरण आणि वास्तव

एकात्मिक योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवांचा समावेश होता. यांपैकी शेवटची सेवा व्यवहारात नेहमीच मागे पडत आली. याचे कारण नोंदींच्या स्वरूपात आहे. वजन, उंची, आहारवाटप यांचे आकडे वरिष्ठांना द्यावे लागतात. मुलाने आज विटेची गाडी करून ती तासभर चालवली, ही घटना कोणत्याही रकान्यात मावत नाही. ज्याची नोंद होत नाही त्याची दखल घेतली जात नाही आणि ज्याची दखल नाही त्याला वेळही मिळत नाही.

कायद्याची स्थितीही अशीच अर्धवट आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटाचे शिक्षण मूलभूत हक्क ठरले, तर सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण अनुच्छेद ४५ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत राहिले. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम ११ नुसार शासन पूर्वशालेय शिक्षणाची व्यवस्था करू ‘शकते’; ते करणे त्याच्यावर बंधनकारक नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुक्त, मार्गदर्शित आणि संरचित अशा तिन्ही प्रकारच्या खेळांना स्थान दिले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र जे धोरणात आले ते हक्कात आलेले नाही, ही त्रुटी कायम आहे.

संशोधनाचा कल या संदर्भात बोलका आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि आसाम, राजस्थान व तेलंगणा येथील सुमारे १४,००० मुलांच्या अभ्यासावर आधारलेल्या भारतीय अहवालात असे दिसून आले की अंगणवाडी आणि खासगी वर्ग या दोन्ही ठिकाणी वयानुरूप शिक्षण दुर्मीळ आहे. खासगी वर्गांत लेखन, वाचन व गणित यांची घोकंपट्टी चालते आणि मुलांची शालेय पूर्वतयारी अपेक्षेपेक्षा कमी राहते. अमेरिकेतील इप्सिलँटी येथे १९६७ मध्ये सुरू झालेल्या एका तौलनिक अभ्यासात थेट पाठ देणारी पद्धती आणि मुलाच्या पुढाकाराला वाव देणाऱ्या पद्धती यांची तुलना झाली. बुद्ध्यंकात टिकाऊ फरक आढळला नाही. तेविसाव्या वर्षापर्यंत सामाजिक व भावनिक समायोजनात मात्र पहिला गट मागे पडलेला दिसला. मुलांची संख्या केवळ ६८ असल्याने या निष्कर्षाला मर्यादा आहेत, परंतु त्याची दिशा दुर्लक्षिण्यासारखी नाही.

पनवेलच्या संदर्भात

हे सर्व प्रश्न पनवेल परिसरात एकाच तालुक्यात शेजारी शेजारी उभे दिसतात. वाडे, तळी आणि जुनी बाजारपेठ असलेले हे गाव सिडकोच्या वसाहतींमुळे महानगराचा भाग बनले आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी येथे महानगरपालिका अस्तित्वात आली. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर येथील इमारतींत घराला अंगणच उरलेले नाही. अंगणाची जागा जिना, वाहनतळ आणि सदनिकेतील पडदा यांनी घेतली. अशा घरातील मूल प्लेग्रुप, नर्सरी, ज्युनिअर केजी या पायऱ्या चढते. खासगी पूर्वप्राथमिक वर्गांना प्राथमिक शाळेप्रमाणे मान्यता घेण्याची सक्ती महाराष्ट्रात दीर्घकाळ नव्हती. परिणामी खेळ ही शुल्क आकारून देण्याची, ठरावीक तासिकेची वस्तू बनली. घसरगुंडी आहे, पण तिच्यावर कधी चढायचे हे घंटा ठरवते.

दुसरीकडे तालुक्याच्या डोंगराळ भागात कातकरी व ठाकूर समाजाच्या वाड्या आहेत. येथील मुलांना अंगण आहे, माती आहे, सवंगडीही आहेत. परंतु पावसाळा संपल्यावर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामासाठी स्थलांतर करतात आणि अंगणवाडीच्या हजेरीपटावरील नाव गावीच राहते. म्हणजे वसाहतीतील मुलाला संस्था आहे पण अंगण नाही, तर वाडीवरील मुलाला अंगण आहे पण संस्था त्याच्या मागे जात नाही. कोसबाडचे तीनही निकष येथे तंतोतंत लागू पडतात. भट्टीच्या हंगामात बालवाडी भट्टीवर जावी, हा जागेचा प्रश्न आहे. ती आईच्या कामाच्या वेळेत उघडी असावी, हा वेळेचा. आणि वसाहतीतील वर्गात छापील वह्यांऐवजी माती, पाणी व बिया याव्यात, हा साहित्याचा.

येथे पालकांच्या बाजूचाही न्यायाने विचार करणे गरजेचे आहे. ‘मुलाला लवकर लिहायला शिकवा’ हा त्यांचा आग्रह अज्ञानातून येतो, असे म्हणून तो झटकता येणार नाही. इयत्ता पहिलीची स्पर्धा त्यांनी निर्माण केलेली नाही. अल्प मिळकतीतून शुल्क भरणाऱ्या आईला वहीतले पान हाच एकमेव दिसणारा पुरावा असतो. खेळातील शिकणे तिला दिसावे, अशी कोणतीही व्यवस्था आपण उभी केलेली नाही. मूल काय करते याची साधी, गोष्टीच्या स्वरूपातील नोंद शिक्षिकेने ठेवावी आणि ती पालकांना वाचून दाखवावी. भातुकलीत मुलीने चार पाहुण्यांना चार पाने कशी वाढली आणि पाचवा आल्यावर काय केले, हे ऐकल्यावर गणित कोठे घडते हे आईला वेगळे समजावण्याची गरज उरणार नाही.

समारोप

बोर्डी-कोसबाडच्या परंपरेने महाराष्ट्राला आणि देशाला ‘अंगणवाडी’ हा शब्द दिला. शब्द सर्वदूर पोहोचला, परंतु त्यामागील क्रम उलटला. मूळ प्रयोगात शाळा मुलाकडे गेली. आज मूल संस्थेकडे जाते आणि संस्था रकान्यांकडे किंवा शुल्काकडे पाहते. हा क्रम पुन्हा सरळ करावयाचा असेल तर तीन गोष्टी अपरिहार्य ठरतात. सहा वर्षांखालील शिक्षणाला हक्काचा दर्जा मिळणे, सेविकेला त्यागमूर्ती न मानता शिक्षिका मानून तिला शिक्षिकेचे वेतन देणे आणि खेळाच्या वेळेवर मुलाचा अधिकार मान्य करणे, या त्या गोष्टी होत. १९८९ च्या बालहक्क संहितेतील अनुच्छेद ३१ ने खेळ हा मुलाचा हक्क मानला असून भारताने १९९२ मध्ये त्या संहितेला मान्यता दिलेली आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांना हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. तथापि, पदवी वर्गात बसलेला विद्यार्थी प्रश्न विचारीत नाही, चूक होईल म्हणून उत्तर देत नाही, आयत्या टिपणांची वाट पाहतो, ही तक्रार प्रत्येक अध्यापककक्षात ऐकू येते. त्या मौनाची सुरुवात कोठे झाली याचा शोध घेत मागे गेल्यास तो बहुधा तीन-चार वर्षांच्या मुलापाशी, हातातला चिंचोका काढून तेथे पेन्सिल दिली गेली त्या दिवसापाशी पोहोचेल.